अडीचकी पाठ, पण सकाळचा चहा आठवत नाही

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत विस्मरणाच्या तक्रारी नेहमीच्याच आहेत. पण गेल्या काही महिन्यांत दोन-तीन पत्रे उलट तक्रारीची आली. एका निवृत्त गृहस्थांनी लिहिले आहे, 'चष्मा कोठे ठेवला ते आठवत नाही, पण शाळेतली पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी आजही न अडखळता येते. हा नको असलेला माल डोक्यातून काढून टाकण्याचा काही उपाय आहे काय? म्हणजे चष्म्यासाठी जागा होईल.' एका भगिनींची अडचण अशी की, रेडिओवरच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या साबणाच्या आणि दंतमंजनाच्या जाहिराती त्यांना चालीसकट पाठ आहेत आणि पोळ्या लाटताना त्या आपोआप तोंडात येतात. नातवंडे हसतात.

विषय गमतीचा वाटतो, आणि काही अंशी तो तसा आहेही. पण याच पाठांतरामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांचा एक गंभीर आजार दोन-दोन वर्षे कोणाच्या लक्षात येत नाही, हे मी दवाखान्यात वारंवार पाहतो. म्हणून आज त्याबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्यांदा जागेचा प्रश्न. डोके म्हणजे धान्याची कोठी नव्हे, की जुनी ज्वारी काढल्याशिवाय नवी भरता येऊ नये. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतल्या पुष्कळशा पेशींचे दुसऱ्या हजारो पेशींशी जोड असतात. आठवण म्हणजे एका पेशीत ठेवलेली एक वस्तू नाही. अनेक पेशींमधले जोड बळकट होऊन जी एक वाट पडते, ती आठवण. शेतातून रोज गेले की पायवाट पडते, तसेच हे. एक पायवाट मोडली म्हणून दुसरी आपोआप पडत नाही. तेव्हा अडीचकी विसरून चष्मा सापडणार नाही. चष्मा सापडत नाही याचे कारण बहुतेक वेळा इतकेच असते की, तो ठेवताना आपले लक्ष दुसरीकडे होते. जे मुळात नोंदलेच गेले नाही, ते आठवणार कोठून?

मग अडीचकीच इतकी घट्ट का बसली? ज्यांचे आज वय पंचाहत्तरच्या पुढे आहे, त्यांनी हे पाढे कसे पाठ केले ते आठवून पाहावे. दिवेलागण झाली, देवापुढे दिवा लागला, की हातपाय धुऊन परवचा म्हणायचा. एक दिवस नाही, वर्षानुवर्षे. त्याला एक ठेका होता, डोलणे होते, शेजारच्या घरातूनही तोच आवाज येत होता, आणि चुकले तर पाठीत धपाटा होता. त्या वेळी ते निरुपयोगीही नव्हते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर अशा हिशेबात पाव, अर्धा आणि पाऊण पदोपदी लागत. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पुढच्या पाच वर्षांत शेर-मण जाऊन किलो आले, आणि एका पिढीचे पाठांतर बाजारातून बाद झाले. डोक्यातून मात्र झाले नाही.

माझेही तसेच आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी मनगटातली आठ हाडे पाठ केली होती: स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म, ट्रॅपिझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. खोकला, ताप, मधुमेह आणि रक्तदाब पाहणाऱ्या डॉक्टराला यांतली निम्मी नावे वर्षातून एकदाही लागत नाहीत. तरी झोपेतून उठवून विचारले तर ओळीने सांगेन. मात्र 'सहावे हाड कोणते?' असे एकदम विचारले, तर मला पहिल्यापासून मोजत यावे लागेल.

ही गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्या घरातल्या कोणालाही एखाद्या आरतीची मधलीच ओळ विचारा. ते थांबतील, मनात सुरुवातीपासून म्हणू लागतील आणि त्या ओळीवर आले की मोठ्याने म्हणतील. अडीचकीत सतरा किती, तर साडेबेचाळीस. पण पुष्कळांना तेथपर्यंत दहा-अकरापासून चढत यावे लागते. म्हणजे हे पाठांतर बरेचसे साखळीसारखे असते. पहिली कडी ओढली की दुसरी येते. जिभेला, ओठांना आणि श्वासाला लागलेली ती एक सवय असते. सायकल चालवणे किंवा मोदकाला कळ्या पाडणे ज्या जातीचे, त्याच जातीचे हे थोडेफार आहे. त्यात विचार फारसा करावा लागत नाही, आणि मेंदू आजारी पडला तरी अशा सवयी उशिरापर्यंत टिकतात. पुढे याचा संबंध येणार आहे.

विस्मरणाचा शास्त्रीय अभ्यास पहिल्यांदा पद्धतशीरपणे केला तो हर्मान एबिंगहाऊस या जर्मन शास्त्रज्ञाने. त्याने स्वतःवरच प्रयोग केले. ज्यांना काही अर्थच नाही अशी अक्षरे तयार करून त्यांच्या याद्या तो पाठ करी, आणि ठराविक वेळाने किती उरले ते मोजी. १८८५ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका तासात पाठांतराची निम्म्याहून अधिक मेहनत वाया गेलेली असे आणि एका दिवसात सुमारे दोन तृतीयांश. त्यानंतर मात्र गळती मंदावे. त्याचे दुसरे निरीक्षण विद्यार्थ्यांच्या पालकांनी कापून ठेवण्यासारखे आहे: एकाच बैठकीत पुष्कळदा घोकण्यापेक्षा तीच उजळणी काही दिवसांत वाटून घेतली, तर कमी मेहनतीत पाठ होते. आपल्या आजोबांनी एबिंगहाऊसचे नाव ऐकले नव्हते, पण रोजचा परवचा नेमका त्याच तत्त्वावर चालत होता. उलट, परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेले पाठांतर पेपर संपवून मुले फाटकाबाहेर येईपर्यंत निम्मे गेलेले असते. मुले 'वाचलेले लक्षात राहत नाही' म्हणतात तेव्हा स्मरणशक्तीचे टॉनिक आणण्यापूर्वी वेळापत्रक पाहावे.

पुढे अमेरिकेत हॅरी बॅरिक या मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. शाळा-कॉलेजात स्पॅनिश भाषा शिकलेली सातशेहून अधिक माणसे त्याने तपासली. कोणाला शिकून थोडेच दिवस झालेले, तर कोणाला पन्नास वर्षे. मधल्या काळात बहुतेकांनी ती भाषा फारशी वापरलेली नव्हती. असे दिसले की, पहिल्या तीन ते सहा वर्षांत बरेच विसरले जाते, पण त्यातून जे वाचते ते पुढे पंचवीस-तीस वर्षे जवळजवळ तसेच राहते. म्हणजे एका मर्यादेपर्यंत मुरलेले ज्ञान लोणच्यासारखे टिकते. ते कामाचे आहे की नाही, हे मेंदू पाहत बसत नाही.

निरुपयोगी गोष्टी टिकण्याचे आणखी एक कारण आहे, आणि मला ते सर्वांत पटण्यासारखे वाटते. जे उपयोगाचे असते ते सारखे बदलत असते. आज चष्मा फ्रीजवर, काल देव्हाऱ्यापाशी, परवा उशीखाली. दर ठिकाणाची आठवण आधीच्या आठवणीत मिसळते आणि शेवटी गोंधळ होतो. मुलाचा मोबाइल नंबर बदलतो, गॅसचा दर बदलतो, बँकेचा पासवर्ड तर दर काही महिन्यांनी बदलावा लागतो. अडीचकीचे तसे नाही. सतरा अडीच कालही साडेबेचाळीस होते आणि उद्याही तेवढेच राहतील. तिच्यावर दुसरे काही लिहिले जात नाही, म्हणून ती पुसली जात नाही. त्यातून ती शिकलो त्या वयात. साधारण दहा ते तीस वर्षे या काळातल्या आठवणी म्हातारपणी सर्वांत जास्त आणि सर्वांत ठळक येतात, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे. त्या काळातली गाणी, जाहिराती, क्रिकेटचे संघ, शेजाऱ्याच्या स्कूटरचा नंबर हे सगळे त्याच भरतीच्या पाण्याबरोबर आत आलेले असते.

सगळेच लक्षात राहिले असते तर बरे झाले असते, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी मॉस्कोच्या सोलोमन शेरेशेव्हस्की यांचे उदाहरण सांगतो. हे गृहस्थ वर्तमानपत्रात वार्ताहर होते. संपादक सूचना देत तेव्हा इतर सर्व टिपून घेत; हे मात्र कागदाला पेन लावत नसत आणि तरी शब्दन् शब्द परत सांगत. अलेक्झांडर लुरिया या मज्जाशास्त्रज्ञाने त्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९६८ साली त्यावर पुस्तक लिहिले. पंधरा वर्षांपूर्वी एकदा वाचून दाखवलेली शब्दांची यादीही ते म्हणून दाखवत. पण या देणगीने ते त्रासून गेले होते. तपशिलांच्या गर्दीत त्यांना गोष्टीचा मतितार्थ सापडत नसे. माणसांचे चेहरे ओळखणेही त्यांना जड जाई, कारण प्रत्येक चेहरा दर वेळी थोडा वेगळा दिसतो आणि तो फरक त्यांना सोडून देता येत नसे. नको त्या गोष्टी विसरण्यासाठी त्या कागदावर लिहून कागद जाळण्याचाही प्रयत्न त्यांनी केला. उपयोग झाला नाही. थोडेफार विसरणे हे निरोगी मेंदूचे काम आहे. आपण सगळे ते रोज करतो.

जाहिरातींची गाणी तोंडात येणाऱ्या भगिनींना एवढेच सांगतो की, हा आजार नाही. हात कामात आणि मन रिकामे असले की अशी गाणी वर येतात. ती जबरदस्तीने दाबू नका. औषध घेताना माकड मनात आणू नका, असे वैद्याने सांगितले आणि रोग्याला औषध समोर आले की माकडच दिसू लागले, ही गोष्ट आपण ऐकलेली आहे. १९८७ साली अमेरिकेत डॅनियल वेग्नर याने माकडाऐवजी पांढरे अस्वल घेऊन असाच प्रयोग केला आणि निष्कर्ष तोच निघाला. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात २०१५ साली असेही दिसले की, तोंडात च्युइंगम चघळत असताना मनात घोळणारी गाणी कमी येतात. जीभ आणि जबडा कामात असले की मनातल्या मनात गाणे कठीण जाते, असे त्याचे कारण देतात. च्युइंगमचे वय नसेल तर बडीशेप घ्यावी. तिचा प्रयोग कोणी केलेला नाही, पण नुकसान काही नाही. मात्र एखादा आकडा किंवा शब्द मनात सारखा येतो, तो ठराविक वेळा म्हटल्याशिवाय चैन पडत नाही, त्यात तास-तास जातात, असे असेल तर ते वेगळे दुखणे आहे. त्याला मंत्रचळ म्हणतात आणि त्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे चांगले उपचार आहेत.

घरच्यांची फसगत

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे वळतो.

एक शहात्तर वर्षांचे गृहस्थ मुलाबरोबर रक्तदाब दाखवायला येत. एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेले. बोलायला गोड. त्यांना कोणी नुसते विचारायचा अवकाश, सातारा-पंढरपूर गाडीचे थांबे कोरेगाव, पुसेगाव, गोंदवले, म्हसवड असे ओळीने सांगत, आणि त्या काळी कोणत्या टप्प्याला किती भाडे होते तेही. दवाखान्यातली इतर माणसे कौतुकाने ऐकत. मुलाला वडिलांचा अभिमान होता. एकदा त्यांच्या पत्नी बरोबर आल्या आणि बाहेर निघताना दारात थांबून म्हणाल्या, "डॉक्टर, हे वर्षभर एकच गोष्ट चार-चार वेळा विचारतायत. चहा घेतला तरी म्हणतात, चहा दिला नाहीस. पण माझं कुणी ऐकत नाही." मुलगा लगेच म्हणाला, "आईचं काहीतरीच असतं. अहो, बाबा सत्तर सालचं भाडं सांगतात, त्यांची स्मरणशक्ती आमच्यापेक्षा चांगली आहे."

मी त्यांना बसवून तीन शब्द सांगितले: नारळ, बैल, घड्याळ. पाच मिनिटे इकडचे-तिकडचे बोललो आणि ते शब्द विचारले. तीनपैकी एकही आला नाही. इतकेच नव्हे, मी काही शब्द सांगितले होते हेही त्यांना आठवेना. थांबे मात्र त्यानंतरही त्यांनी पुन्हा ओळीने म्हणून दाखवले. पुढे तपासण्या झाल्या आणि निदान अल्झायमरच्या विकाराचे ठरले. चौकशी करता कळले, की मधल्या काळात एका ओळखीच्या माणसाने त्यांच्याकडून तीनदा उसने पैसे नेले होते. दर वेळी तो पहिल्यांदाच मागतो आहे असे यांना वाटले. पत्नीला हे ठाऊक होते, पण तिच्या म्हणण्याला घरात वजन नव्हते.

नव्या आठवणी बनवण्याचे काम मेंदूच्या एका विशिष्ट भागात होते. दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर समुद्रघोड्याच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. आज काय घडले, कोण भेटले, काय खाल्ले याची नोंद याच्या मदतीने होते. जुन्या, मुरलेल्या आठवणी मात्र हळूहळू मेंदूच्या बाहेरच्या विस्तीर्ण थरात पसरतात, आणि हातातोंडाच्या सवयींचे केंद्र आणखी वेगळे असते. हे ज्या रुग्णामुळे स्पष्ट झाले त्याचे नाव हेन्री मोलायसन. १९५३ साली अमेरिकेत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, फेफरे थांबावे म्हणून त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकण्यात आला. फेफरे कमी झाले, पण नवी आठवण जवळजवळ बनेनाशी झाली. बालपण आठवे, काही मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस आठवत नसे. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला शिकवली. रोज त्याचा हात सुधारत गेला, पण हे आपण काल केले होते हे त्याला कोणत्याच दिवशी आठवले नाही. २००८ साली वारेपर्यंत तो तसाच राहिला.

अल्झायमरमध्ये झीज साधारण याच भागाच्या आसपास सुरू होते. म्हणून आजचा चहा आधी जातो आणि अडीचकी शेवटी. हे तत्त्व नवे नाही. आधी नवे जाते, जुने मागून जाते, असे थिओद्यूल रिबो या फ्रेंच अभ्यासकाने १८८१ सालीच लिहून ठेवले आहे. पण आपल्या घरांत अजून रामरक्षा किंवा पाढे म्हणता येणे हाच डोके शाबूत असल्याचा पुरावा मानला जातो. 'आजोबांना सगळं आठवतं, मुद्दाम करतात', 'कामाचं तेवढं विसरतात', 'सुनेला त्रास द्यायचा म्हणून जेवले नाही म्हणतात' ही वाक्ये मी किती वेळा ऐकली याची मोजदाद नाही. मुद्दाम कोणी करत नाही. ज्या वाटेने जुने येते ती शाबूत आहे, आणि ज्या वाटेने नवे आत जाते ती बुजते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

भारतात साठ वर्षांवरील माणसांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के आहे, असा अंदाज एका देशव्यापी पाहणीवरून २०२३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. आपल्या गल्लीतही कोणी असणारच.

घरी काय पाहावे

पाढे, स्तोत्रे, जुने पत्ते विचारून काही कळत नाही. काल रात्री जेवायला काय होते, रविवारी कोण आले होते, हे विचारावे. तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा येतो का, ओळखीच्या रस्त्यावर चुकामूक होते का, दूधवाल्याला दोनदा पैसे दिले जातात का, नेहमीच्या भाजीत मीठ दोनदा पडते किंवा गॅस चालू राहतो का, हे पाहावे. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिने सरळ म्हणणे ही सवय झाली. फाल्गुनापासून मागे यायला सांगा. उलटे म्हणताना लक्ष द्यावे लागते आणि साखळीचा आधार मिळत नाही. अर्थात ज्यांना महिने कधी नीट पाठच नव्हते, त्यांची ही परीक्षा घेऊ नये. ऐकू कमी येत असेल तर आधी कान तपासावेत. पुष्कळदा माणूस विसरलेला नसतो, त्याला ऐकूच गेलेले नसते.

एखाद्याचे नाव जिभेवर येऊन अडले आणि संध्याकाळी आठवले, किल्ली हरवली आणि शोधून सापडली, तर काळजीचे कारण नाही. ते माझेही होते.

सर्व विसराळूपणा अल्झायमरचा नसतो, आणि काही कारणे दुरुस्त होण्यासारखी असतात, म्हणून वेळेवर दाखवणे महत्त्वाचे. बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी मंडळींत पुष्कळ आढळते, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही. थायरॉइड मंद झालेला असतो. पडून डोक्याला साधा मार लागलेला असतो, कोणी लक्ष दिलेले नसते, आणि दोन-तीन आठवड्यांनी आत साठलेल्या रक्ताचा दाब मेंदूवर येतो. जोडीदार गेल्यानंतरचे नैराश्य हुबेहूब विस्मरणासारखे दिसते. आणि झोपेच्या गोळ्या! अल्प्राझोलामसारखी गोळी कोणीतरी कधीतरी आठवडाभरासाठी लिहून दिलेली असते आणि ती आठ वर्षे चालू असते. अशाच एका आजींची बी-१२ची इंजेक्शने सुरू केली, गोळी हळूहळू कमी करत बंद केली, आणि तीन महिन्यांत त्या देवळातून एकट्या घरी येऊ लागल्या. (ही गोळी एकदम बंद करू नये, त्यानेही त्रास होतो, कधी झटकेही येतात.) काल-परवापर्यंत ठीक असलेला माणूस एक-दोन दिवसांत बरळू लागला, माणसे ओळखेनासा झाला, तर मात्र थांबू नये. जंतुसंसर्ग, रक्तातले मीठ कमी होणे, साखर उतरणे, पक्षाघात यांतले काहीही असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

अल्झायमर समूळ बरा करणारे औषध आज नाही. आहेत त्या गोळ्यांनी काहींना काही काळ थोडा आधार मिळतो. रक्तदाब, साखर, ऐकू येणे, हालचाल आणि माणसांत मिसळणे यांकडे लक्ष ठेवले तर उपयोग होतो. बाकी सारे घरच्यांच्या वागण्यावर.

आणि तेथे जुने पाठांतर कामाला येते. ज्यांना अंघोळीला नेताना रोज भांडण होते अशा एका घरी मी सुचवले, की बाथरूमकडे नेताना त्यांच्या आवडीचा अभंग तुम्हीच सुरू करा. पहिली ओळ कानावर पडली की पुढची ते उचलतात, आणि ओळी संपेपर्यंत अंगावर पाणी पडलेले असते. रोज जमते असे नाही. आठवड्यातून चार दिवस जमले तरी घरातल्या बाईचे चार दिवस सुटतात. 'आठवतं का तुम्हाला?' असे परीक्षेसारखे विचारू नये. त्यांना येते तेच म्हणू द्यावे.

एक धोका मात्र याच पाठांतरात आहे. घरातून बाहेर पडून हरवलेला वृद्ध माणूस विचारणाऱ्याला पत्ता अगदी स्पष्ट सांगतो: गल्ली, घर नंबर, घरमालकाचे नाव. तो पत्ता चाळीस वर्षांपूर्वी सोडलेल्या बिऱ्हाडाचा असतो. सांगण्यात अडखळणे नसते, म्हणून समोरच्यालाही शंका येत नाही आणि भली माणसे त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचवून येतात. तेव्हा सदऱ्याच्या खिशात किंवा साडीच्या पिशवीत आजचा पत्ता आणि घरातल्या दोघांचे मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी कायम ठेवावी. धुण्यात जाते, म्हणून सदऱ्याच्या आतल्या बाजूला कापडी पट्टीवर लिहून शिवली तर अधिक बरे. रस्त्यात असा कोणी भेटला तर सांगितलेल्या पत्त्यावर नेण्याआधी खिसा पाहावा, आणि काही न सापडल्यास पोलीस चौकीत न्यावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइनही आहे.

तपासणीला येताना बरोबर अशा माणसाने यावे, ज्याचा रुग्णाशी दिवसभर संबंध येतो. बहुधा ती पत्नी किंवा सून असते, आणि तिला बोलू द्यावे. गेल्या सहा महिन्यांत काय काय घडले ते तारखेसह कागदावर लिहून आणावे. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णे आणि शेजाऱ्यांनी दिलेली झोपेची गोळीसुद्धा, पाकिटासकट पिशवीत घालून आणावी.